पाल पाळावी का?

घरात सापडलेली पाल पाळावी की सोडून द्यावी, हा प्रश्न एका पिढीपूर्वी आपल्याकडे कुणी विचारलाच नसता. पाल दिसली की झाडू शोधायचा, खिडकीत मोरपीस किंवा अंड्याची टरफलं ठेवायची, आणि ती अंगावर पडलीच तर पंचांगातलं पल्लीपतनाचं पान उघडायचं, एवढाच तिच्याशी आपला व्यवहार होता. आता चित्र बदलतं आहे. काचेच्या पेटीत सरपटणारे प्राणी ठेवणाऱ्यांचे व्हिडिओ मुलं रोज पाहतात, तळहातावर शांत बसलेल्या ठिपकेदार पाली पाहतात, आणि मग ट्यूबलाइटमागून खाली पडलेलं बोटभर पिल्लू बघून त्यांना किळस येत नाही, माया वाटते. ही माया मला फार मोलाची वाटते. म्हणूनच तिला कुठली वाट दाखवायची याचा नीट विचार व्हायला हवा. त्यासाठी हा वाद मी दोन माणसांच्या तोंडी घालतो आहे. एक कॉलेजात जाणारा भाचा, ज्याने असं पिल्लू बरणीत ठेवलं आहे, आणि दुसरी त्याची मावशी, जी प्राणिशास्त्र शिकवते. दोघंही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र आज कितीतरी घरांत बोलले जातात. मधूनमधून मी माझं म्हणणं मांडणार आहे, कारण या वादात मी तटस्थ नाही.

“मावशी, यात वाईट काय आहे ते तरी सांग,” भाचा म्हणतो. “बाहेर मांजर आहे, कावळे आहेत, आजीचा झाडू आहे. शिवाय हे पिल्लू एकटंच सापडलं. त्याची आई कुठे दिसली नाही. बरणीच्या झाकणाला भोकं पाडली आहेत, रोज बारीक किडे पकडून घालतो आहे. माझ्याकडे ते सुरक्षित आहे.”

“आधी ते आईचं डोक्यातून काढून टाक,” मावशी म्हणते. “पालीच्या पिल्लाला आई लागतच नाही.”

मावशीचं हे म्हणणं शब्दशः खरं आहे, आणि ते आधीच स्पष्ट झालेलं बरं, कारण पाल घरात ठेवून घेण्यामागे बहुतेक वेळा हीच समजूत असते. घरातल्या पालीची मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते. कपाटामागे, मीटरच्या पेटीत, भिंतीच्या भेगेत ती पांढरी, टणक कवचाची, वाटाण्याएवढी अंडी सापडतात. अंडी घालून मादी निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लू आपल्या तोंडावरच्या दोन इवल्याशा दातांनी कवच फोडतं आणि बाहेर येतं. त्याला कुणी भरवत नाही, कुणी शिकार शिकवत नाही. पहिल्या दिवसापासून ते भिंतीवर चढतं, दबा धरतं, स्वतःपेक्षा लहान किडा ओळखून पकडतं. घरट्यातून पडलेलं चिमणीचं पिल्लू आणि जमिनीवर सापडलेलं पालीचं पिल्लू आपल्याला सारखंच केविलवाणं दिसतं, पण पहिल्याला खरोखर मदतीची गरज असू शकते आणि दुसरं फक्त आकाराने लहान असलेलं स्वतंत्र जनावर असतं. अनाथ समजून ज्याला आपण उचलतो, ते बहुधा आपल्या कामाला निघालेलं असतं.

“बरं, आई नको. पण मांजर तर आहेच ना?”

“आहे. पण तुझ्या बरणीत गरम जागा कुठली आणि गार जागा कुठली, ते मला दाखव.”

माझ्या मते साऱ्या वादाचं मूळ या एका प्रश्नात आहे. पाल थंड रक्ताची, असं आपण शाळेत शिकलो, पण तिचं रक्त कायम थंड असतं असं नाही. आपण खाल्लेलं अन्न जाळून शरीराची ऊब तयार करतो, पाल ती बाहेरून घेते. आणि किती घ्यायची हे ती जागा बदलून ठरवते. भर दुपारी ती फोटोच्या चौकटीमागे किंवा दाराच्या फटीत असते, कारण तिथे गारवा असतो आणि कुणी पाहत नाही. तिन्हीसांजेला ती पश्चिमेच्या भिंतीवर पोट टेकून बसते, कारण दिवसभर तापलेला तो गिलावा अजून कोमट असतो. दिवे लागले की ती ट्यूबच्या पट्टीशी येते, तिथे ऊबही असते आणि किडेही. पोट भरल्यावर अन्न पचवायला पुन्हा ऊब लागते, म्हणून फ्रिजच्या मागची किंवा इन्व्हर्टरजवळची जागा. थंडी वाढली की कित्येक दिवस ती दिसतच नाही, कुठल्या तरी भेगेत अंग आकसून पडून राहते. आपल्या शरीरात जे काम घाम आणि थरथर करतात, ते पालीचे पाय करतात. म्हणजे घरातल्या या वीस-पंचवीस जागा आणि त्यांच्यामधली ये-जा हा तिच्या शरीराच्या कारभाराचाच भाग आहे. तिला बरणीत घातलं की एकाच वेळी सगळ्या जागा काढून घेतल्या जातात आणि एकच तापमान हाती उरतं, तेही तिने न निवडलेलं. बरणी खिडकीत राहिली आणि ऊन आलं तर ती काही मिनिटांत मरू शकते, कारण पळायला सावलीच नसते.

“मग मोठी काचेची पेटी आणतो,” भाचा म्हणतो. “एका टोकाला दिवा, दुसरं टोक गार. थर्मामीटर लावतो, कॅल्शियमची पूड आणतो. लोक करतात हे सगळं. मी शिकेन ना मावशी, माझी तयारी आहे.”

ही तयारी खरी असेल तर तिचा मान राखायला हवा, आणि मग काय काय करावं लागेल हेही मोकळेपणाने सांगायला हवं. पाळीव सरड्या-पालींना घालतात त्या किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. त्यामुळे एकाच प्रकारचे किडे खाणाऱ्या प्राण्याची हाडं हळूहळू मऊ पडतात. जबडा रबरासारखा वाकतो, पाय वाकडे होतात, मग शिकार पकडता येत नाही. भिंतीवरची पाल डास, पतंग, कोळी, झुरळांची पिल्लं आणि पहिल्या पावसानंतरची उडती वाळवी असं शंभर तऱ्हांचं खाते, म्हणून तिच्यावर सहसा ही वेळ येत नाही. पाणी ती वाटीतून क्वचितच पिते, थेंब चाटते, म्हणून काचेवर फवारा मारावा लागतो. पण ओल्या काचेवर तिच्या पायांची पकड सैल होते. हवा कोरडी राहिली तर कात नीट सुटत नाही, बोटांभोवती तिचे वेढे आवळतात आणि बोटं झडतात. बाहेरून पकडलेल्या पालीच्या पोटात आणि फुप्फुसात अनेकदा परजीवी असतात. मोकळेपणी ती त्यांच्यासकट धडधाकट जगते, कोंडल्याच्या ताणात तेच परजीवी वरचढ होतात. अशा आजाराला औषध देऊ शकणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत. आता समजा, हे सगळं त्या मुलाने जमवलं. वेळ दिला, पैसा घातला, पूड आणली, दिवा आणला. त्याने काय मिळवलं? भिंत जे फुकट देत होती त्यातलं थोडंफार. दोन टोकांची पेटी म्हणजे वीस-पंचवीस जागांपैकी दोन जागा.

पालीचं पाऊल एकदा अगदी जवळून पाहावं. त्यासाठी तिला पकडावं लागत नाही. रात्री खिडकीच्या तावदानाबाहेर ती बसली असेल तेव्हा आतून पाहिलं की पुरे. काचेला चिकटलेल्या पाच बोटांखाली आडव्या पट्ट्यांच्या जोड्या दिसतात. पाऊल उचलताना बोटं टोकाकडून वर वळतात, आपण चिकटपट्टी एका टोकापासून सोलतो तशी, आणि पुढे टेकताना पुन्हा उलगडतात. सेकंदाला कित्येक वेळा हे घडतं. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पावलावर सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाचं टोक शेकडो पात्यांत फुटलेलं असतं. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असा एक केस सुटा करून त्याची पकड मोजली. पुढे २००२ साली त्यांनी दाखवलं की ही पकड कुठल्या डिंकाची नाही, रेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स आकर्षणाची आहे. पाल झाडावर उलटी चालते याचं नवल अॅरिस्टॉटलनेही नोंदवलं होतं. तावदानावर आणखी एक गोष्ट दिसते. मादी भरलेली असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. हा प्राणी उभ्या पृष्ठभागांसाठी, लांब धावांसाठी, अचानक दिशा बदलण्यासाठी घडलेला आहे. वीतभर पेटीत ही सगळी घडण बिनकामाची होते.

“पण बिबट्या पाल तर लोक वर्षानुवर्षं पाळतात,” भाचा म्हणतो. “ती जगते, अंडी घालते, वीस वर्षांपर्यंत टिकते. मग हीच का नको?”

भाच्याचा हा सर्वांत चांगला मुद्दा आहे. त्याचं उत्तर ‘पाळणं वाईटच’ असं देऊन चालणार नाही. पाळीव बिबट्या पालीच्या मागे माणसाच्या ताब्यात जन्मलेल्या कितीतरी पिढ्या आहेत. ज्या बिथरल्या, ज्यांनी अन्न सोडलं, त्यांची संतती पुढे गेली नाही. जी पेटीत निवांत राहिली तिचीच पिल्लं वाढली. शिवाय ती जमिनीवर राहते, तिच्या बोटांना चिकटणाऱ्या पट्ट्या नाहीत, तिला पापण्या आहेत, ती सावकाश चालते. भिंतीवरची पाल तिच्याशी फक्त नावाने जोडलेली आहे. तिला पापणी नाही, डोळ्यावरचं पारदर्शक कवच ती जिभेने पुसते. तिचं पहिलं आणि शेवटचं शस्त्र पळणं आहे, आणि पळणं जमलं नाही तर शेपूट टाकणं. हातात धरलेली पाल शेपूट सोडते तेव्हा ती खेळत नसते. शेपटीच्या मणक्यांमध्येच तुटायच्या जागा आखलेल्या असतात, आणि त्या शेपटीत तिची चरबीची शिल्लक साठवलेली असते. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. अंगावरून हात फिरवणं या प्राण्याला कधी प्रेमाचं वाटेल, असं मानायला कसलाही आधार नाही. जिला माणसाचा हात म्हणजे तोंड वासलेला शत्रू वाटतो, तिला रोज हातात घेऊन माणसाळवू म्हणणं हे तिच्या बाजूने रोजचं मरण आहे. पेटीत जन्मलेला प्राणी पाळावा की नाही, हा वेगळा वाद आहे. भिंतीवर जन्मलेला पेटीत घालण्याचं समर्थन त्यातून मिळत नाही.

इथे मावशीही एक चूक करते. ती म्हणते, “अरे, निसर्गात ती सुखी असते.” हे मला मान्य नाही. पालीचं मोकळं आयुष्य सुखाचं नसतं. त्यात भूक आहे, मांजर आहे, दाराच्या बिजागरीत चिरडून मरणं आहे, थोरल्या पालीने धाकटीला खाणं आहे. पेटीतली पाल नीट सांभाळली तर कदाचित भिंतीवरचीपेक्षा जास्त वर्षं जगेलही. भाच्याचा हा दावा मी मान्य करतो. पण आयुष्याची लांबी हीच कसोटी धरली तर आपण कुणालाही कोंडून ठेवू शकतो. प्राण्याचं भलं कशात आहे हे त्याचं शरीर कशासाठी घडलं आहे आणि सोय असताना तो काय करतो यावरून कळतं. पाल सोय असताना जागा बदलते, शिकार निवडते, जोडीदार शोधते, आणि हद्द राखते. ‘शंकेची पाल चुकचुकली’ असं आपण म्हणतो. तो चुकचुक आवाज घरातल्या पालीच्या आयुष्यातली फार कामाची गोष्ट आहे. डेल मार्सेलिनी यांनी १९७० च्या दशकात या आवाजांचा अभ्यास केला. नर एकमेकांशी भिडताना, हद्दीवर हक्क सांगताना आणि मादीच्या भेटीत ही हाक देतात. ती ऐकणारी दुसरी पाल समोर हवी. पेटीत एकट्या पालीला हाक द्यायला कुणी नाही, आणि दोन नर एकत्र ठेवले तर हरलेल्याला पळायला जागा नाही.

भाचा आता हट्ट सोडतो, पण एक गोष्ट सोडत नाही, आणि ती मला विचार करायला लावते. “मावशी, आजी पालीला मारायची. मी बरणी आणल्यापासून तीच येऊन बघते, ‘आज खाल्लं का रे हिने?’ विचारते. पाल जवळून बघितल्याशिवाय लोकांची भीती कशी जाणार?” याला उडवून लावता येणार नाही. आपल्याकडे पालीचा खरा शत्रू पाळणारा मुलगा नाही, किळस आहे. पाल विषारी असते ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही आहे. जगातली एकही पाल विषारी नाही. ती अन्नात पडली तर ते फेकावं, कारण तिच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. पण हा अस्वच्छतेचा प्रश्न आहे, विषाचा नाही. पल्लीपतनाच्या भीतीपोटी कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात लोक छतावरच्या सोन्या-चांदीच्या पालींना हात लावून दोष घालवतात. या भीतीला उत्तर म्हणून पाल जवळून दिसायला हवी, हे भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. फक्त ती जवळ आणायला बरणी लागते, हे त्याचं गृहीत चुकीचं आहे. पाल आधीच आपल्या घरात राहते, रोज ठरल्या वेळी ठरल्या दिव्याशी येते, आणि दिवसापेक्षा रात्री फिकी दिसते. शेपटीवरून तिची ओळख पटते. आपल्याकडच्या एका नेहमीच्या जातीच्या मूळ शेपटीवर काट्यांच्या ओळी असतात, पुन्हा उगवलेली शेपूट गुळगुळीत असते. कुणाची शेपूट कुठे तुटली, कोण कुठल्या पट्टीवर हक्क सांगते, हे आठ दिवसांत आजीलाही कळू लागेल. एक वही घ्यावी, दिव्यांना नावं द्यावीत, रोज नऊ वाजता कोण कुठे आहे ते लिहावं. बरणीतली पाल दोन दिवसांत बघून संपते, कारण ती काही करतच नाही.

जंतूंचा मुद्दा आलाच आहे तर एवढं सांगतो. अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी आहे, कारण मुलं ती हाताळत, तोंडात घालत आणि साल्मोनेलाने आजारी पडत. भिंतीवरच्या पालीशी आपला स्पर्शच होत नाही. पेटी रोज साफ करणाऱ्याचा होतो, आणि त्या घरात रांगतं मूल असेल तर धोका त्याला जास्त असतो.

“एक पाल पाळल्याने जात थोडीच संपणार आहे?” हा भाच्याचा शेवटचा युक्तिवाद. घरातल्या नेहमीच्या पालींपुरतं त्याचं खरं आहे. त्या जाती धोक्यात नाहीत, त्यामुळे संरक्षणाचं नाव पुढे करून त्याला घाबरवणं अप्रामाणिक ठरेल. माझा आक्षेप त्या एका जनावरासाठी आहे. तरी एक अडचण आहे. ‘पाल’ हा आपल्याकडे एकच शब्द, पण घरातल्या पालीच्या हेमिडॅक्टिलस या एका वंशातच भारतात ३० हून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी काही फारच थोड्या जागेत राहतात. वरद गिरी यांनी २००८ साली जुन्नरजवळच्या घाटघरहून हेमिडॅक्टिलस आरोनबाउरी ही नवी पाल जगापुढे आणली. त्याच वर्षी आरोन बाउर यांच्यासह त्यांनी साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरून हेमिडॅक्टिलस सताराएन्सिस ही दुसरी नोंदवली. किल्ल्यावरच्या मुक्कामात किंवा शेतघरात सापडलेली पाल यांतली असू शकते, आणि साध्या नजरेला ते कळणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या अनुसूचीतला प्राणी पकडणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकार आहे. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं याच कायद्याखाली गुन्हा आहे, हे अजून पुष्कळांना पटत नाही. ईशान्य भारतातली टोके पाल २०२२ च्या दुरुस्तीत पहिल्या अनुसूचीत गेली. तिच्यापासून एड्सवर औषध होतं अशी अफवा पसरली आणि ती पोत्यांनी पकडली जाऊ लागली. २०११ साली फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याला याला कसलाही आधार नाही असं जाहीर करावं लागलं, आणि २०१९ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आलं. टोके एके काळी भिंतीवरची साधी पालच होती.

आता ज्या प्रसंगी पाल तात्पुरती ठेवून घेणं योग्य आहे, ते प्रसंग. उंदरांसाठी लावलेल्या चिकट पुठ्ठ्यावर पाल अडकली तर तिला ओढू नये, शेपूट आणि कातडी दोन्ही जातात. कापसाने खोबरेल किंवा खायचं तेल थेंबाथेंबाने बोटांखाली सोडत गेलं की ती सुटते. मग मऊ कापडाने तेल टिपून, भोकं पाडलेल्या खोक्यात एक रात्र अंधारात ठेवून दुसऱ्या संध्याकाळी सोडावी. कपाट हलवताना अंडी सापडली तर शक्यतो जागेवरच राहू द्यावीत. हलवावी लागली तर ती वळू न देता, वरची बाजू वरच ठेवून, जवळच्याच फटीत ठेवावीत. शेपूट तुटलेल्या पालीला आपल्या मदतीची गरज नसते.

आणि एक प्रसंग असा आहे जिथे सोडून द्या म्हणणारी मावशी चुकेल. समजा, मुंबईहून विमानाने गेलेल्या बॅगेतून लंडन किंवा टोरांटोच्या मराठी घरात एक पाल उतरली. तिथल्या थंडीत तिला दाराबाहेर सोडणं म्हणजे मारणं आहे. आणि हवा उबदार असलेल्या देशात सोडणं त्याहून वाईट, कारण आपल्याकडची ही पाल बाहेरच्या जगात आक्रमक ठरली आहे. पॅसिफिक बेटांवर तिने दिव्यांभोवतीच्या भिंतींवरून तिथली मूळची छोटी पाल हटवली. केनेथ पेट्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवलं की दिव्याभोवती एकवटलेल्या किड्यांमुळे तिला हे साधलं. मॉरिशसमध्ये, जिथे मराठी बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथल्या मूळच्या नॅक्टस पाली आज आसपासच्या छोट्या बेटांवरच उरल्या आहेत, आणि त्यामागे घरातल्या या परक्या पालीचा मोठा हात आहे. परदेशात उतरलेल्या पालीला खोक्यात उबदार ठेवून तिथल्या प्राणिसंस्थेला कळवणं, किंवा तिच्या गरजा खरोखर जाणणाऱ्याकडे सोपवणं, हेच योग्य. तिथे भाच्याची पेटी दया ठरते, कारण परत जायला तिची भिंतच उरलेली नसते. इथे मात्र तिची भिंत पाच पावलांवर आहे.

म्हणून ज्याने ज्याने आज एखादं पिल्लू बरणीत ठेवलं आहे त्याला माझी विनंती आहे. आज दिवे लागल्यावर बरणी उचला, पाल जिथे सापडली त्याच खोलीत, त्याच भिंतीशी न्या, झाकण काढून बरणीचं तोंड भिंतीला टेकवा आणि थांबा. तिला हाताने बाहेर काढू नका, बरणी झटकू नका. काही वेळाने ती स्वतःच बाहेर येईल. त्या भिंतीवरचा दिवा रात्री तासभर चालू राहू द्या.